रिपोर्ट बरा आहे

आत्याबाई, मला हार्ट अटॅक आला होता. आता घरी आहे, हिंडते-फिरते. पण घरातल्यांचं म्हणणं आहे की तो आलाच नव्हता, आणि म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

शाळेत चौथीच्या वर्गात गणित सांगत होते. छातीवर कुणी पाटा ठेवल्यागत झालं, जबडा ठणकायला लागला, पोलकं घामानं चिंब. आमच्या मोठ्या बाईंनी गाडीत घालून थेट सोलापूरला नेलं. रक्तात हृदयाला इजा झाल्याची खूण सापडली. मनगटातून नळी घालून फोटो काढले, तर एकही ब्लॉक नाही. बाहेर ह्यांनी हात जोडले, "भवानीआईची कृपा, काही निघालं न्हाय." डॉक्टर मात्र माझ्या खाटेशी येऊन म्हणाले, "बाई, मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत, पण अटॅक येऊन गेलाय. कधी बारीक वाहिन्या आवळतात, कधी मोठीच थोडा वेळ आकसते. कारण शोधू, कदाचित सापडणारही नाही. पण दुखलं की सांगायचं, अंगावर काढायचं नाही." मी मान हलवली, आणि डोळ्यांपुढं तुम्ही आलात.

उन्हाळ्याची सुट्टी होती. नळदुर्गच्या घरी अंगणात पापड चालले होते, शेजारच्या चौघीजणी लाटायला आल्या होत्या. तुम्ही लाटणं खाली ठेवलंत आणि छातीवर हात दाबून बसलात. महिनाभरापूर्वीच तुमचीही तीच तपासणी झाली होती, तिच्यातही काही निघालं नव्हतं. वर्षभर शाळा आणि सुट्टीत हा रगाडा, मी वैतागले होते. सगळ्यांदेखत म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल आलाय की आत्याबाई. आता काय दुखतंय?" तुम्ही माझ्याकडं बघितलंत. राग नव्हता तुमच्या तोंडावर. म्हणालात, "रिपोर्ट बरा हाय गं. म्या न्हाय." बाया हसल्या. मीही हसले. तुम्ही लाटणं उचललंत.

सासू असून माझी नोकरी टिकावी म्हणून भावकीशी भांडलेली बाई तुम्ही. पहाटे उठून माझा डबा करायच्या, शेंगाची चटणी वेगळ्या पुडीत बांधायच्या. त्या दिवसानंतर मात्र दुखतंय हा शब्द तुमच्या तोंडून मी ऐकला नाही, आणि मला वाटलं, थांबलं असेल. पुढच्या वर्षी एका सकाळी सडा टाकून आत आलात, उंबऱ्यात टेकलात, परत उठलाच नाहीत. माणसं म्हणाली, पुण्यवान बाई, कुणाला त्रास दिला न्हाय. ते मी खरं धरून चालले, इतकी वर्षं.

परवा परत दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरांना तुमचं सगळं सांगितलं. "आता कशानं गेल्या ते कसं सांगणार? पण ब्लॉक नाही म्हणजे दुखणंच नाही, असं नसतं." ते एवढंच बोलले. मी त्यांना तुमचं सांगितलं, माझं वाक्य सांगितलं नाही.

इकडं घरात आता मला सांगतात, टेन्शन घेऊ नको, योगा कर. धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "नॉर्मल हाय न्हवं समदं?" त्यांचा काही दोष नाही. त्यांच्या वयाची असताना मीही हेच बोलले होते.

हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकणार? वहीतच राहील. पण एक सांगायचं राहिलंय. काल दुपारी परत दुखलं. हे पलीकडच्या खोलीतच होते, आणि मी भांडी घासत राहिले, तोंडातून शब्द काढला नाही. गोळी जिभेखाली धरायची तीसुद्धा चोरून धरली. तुम्ही गप्प का झालात ते मला काल मोरीत कळलं, आत्याबाई. आत्ता लिहितानाही थोडं आवळतंय. पेन ठेवते. ह्यांना हाक मारते.