दोघांत एक की-बोर्ड

तीर्थरूप आत्यास,

की-बोर्डवरून दोन्ही हात उचलून साष्टांग नमस्कार. गुडघा काय म्हणतो? उगाच जिने चढू नकोस, सांगून ठेवतो. इकडे सगळं ठीक, ठीक कसलं, झकास आहे!

आमच्या विभागप्रमुखांनी (तुझाच शाळेतला विद्यार्थी, कान पिळलेस ते कमीच पिळलेस) माझा ‘मिळून प्रोग्रॅम लिहिणे’ हा विषय बंद करायचा घाट घातला होता. सत्राच्या शेवटी मुलांचा प्रोग्रॅम त्यांच्यासमोर चालला तरच विषय राहणार, नाहीतर मी गाशा गुंडाळायचा. आणि मुलं कसली! ग्रंथालयासाठी प्रोग्रॅम करायचा होता. चौघांनी काम वाटून घेतलं, चार कोपऱ्यांत बसले, एकमेकांशी चकार शब्द नाही. जोडायला गेलो तर चौघांनीही पुस्तक परत घ्यायचं लिहिलेलं. द्यायचं कोणीच लिहिलं नव्हतं!

मग मी हट्टालाच पेटलो. दोघांत एक की-बोर्ड. एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने बघून बोलायचं, दर दहा मिनिटांनी जागा बदलायची (त्यासाठी स्वयंपाकघरातलं घड्याळ वर्गात नेलं, बायको अजून घुश्शात आहे). काय ते रुसवेफुगवे! वर्गातल्या ‘पंडिता’ला हात आवरेनात, म्हणून त्याच्या जोडीला मुद्दाम ‘अबोली’ दिली. ही पोरगी वर्षभरात हजेरीपलीकडे काही बोलली नव्हती. महिन्याभरात ती त्याला चक्क दटावायला लागली.

आणि नेमक्या त्या दिवशी पंडित तापाने फणफणलेला! प्रमुख समोर बसलेले, आणि प्रोग्रॅम पहिल्याच पुस्तकाला आडवा. तेवढ्यात अबोली उठली. म्हणाली, “सर, ही ओळ आम्ही दोघांनी लिहिलीय. मला माहितीये काय झालंय ते.” दोन मिनिटांत पुस्तक दिलं, घेतलं, सगळं सुरळीत! आत्या, डोळ्यांत पाणी आलं गं. मुलं जिंकली! प्रमुखांनीसुद्धा उठून टाळ्या वाजवल्या.

तुझा (आता ताठ मानेने फिरणारा) भाचा

ता. क. प्रमुख इतके खूश झालेत की पुढच्या वर्षी हा विषय मी आणि गणिताच्या बाईंनी जोडीने शिकवायचाय. जोडीने! मला जन्मात कधी कुणाबरोबर काम करता आलंय का? तू तुझ्या त्या विद्यार्थ्याला फोन करून चांगला दम दे.

आणखी ता. क. बाईंचं टेबल माझ्या टेबलाला लागूनच आहे. त्यांनी पत्र वाचलं (न विचारता!) आणि ‘मी जिंकलो’ खोडून ‘मुलं जिंकली’ करायला लावलं. पुन्हा वाचून पाहिलं. बाईंचं बरोबर आहे. फोन करू नकोस.