घंटा परत येईपर्यंत

१८ मार्च, बुधवार

पोचले बाई एकदाची फोंबेल गावाला! ही वही माझ्या नातीने, मायलिसने दिली. वर बदकाचं चित्र आहे. म्हणाली, आजी, तू रोज लिही. माझी शाळा बाराव्या वर्षी सुटली ती मेंढ्यांपायी, तेव्हा चुका कुणी मोजू नयेत.

नोकरी म्हणजे किल्ल्या सांभाळायच्या. एक किल्ली डोंगरावरच्या छोट्या चर्चची, एक कबुतरांच्या गोल मनोऱ्याची. तिसरी जागा उघडीच आहे, म्हणजे गावाचं धुण्याचं दगडी टाकं, वर कौलारू छप्पर. पाहुणे आले की जुन्या काळी बायका कपडे कसे धूत होत्या ते करून दाखवायचं. गुडघ्यांखाली लाकडी खोकं, त्यात गवत, हातात धोपटणं. अहो, हे तर मी आईजवळ बसून केलेलं काम! त्याचे आता पैसे मिळणार म्हणून हसूच येत होतं मला. घर टाक्याच्या अगदी वरच्या अंगाला. सांद्रीन, म्हणजे माझी मुलगी, दवाखान्यात रात्रपाळीला असते, म्हणून जूनपर्यंत सहा वर्षांची मायलिस माझ्याकडे. दोघींना एकच पलंग, आणि ती लाथा मारते.

२२ मार्च, रविवार

शेजारीण फेर्नांदबाई, वय एकोणनव्वद, जीभ मात्र विशीची. अक्रोडाचा केक घेऊन आली, माझं सूप चाखलं आणि म्हणाली की हे सूप आहे की भांडी विसळलेलं पाणी. मी म्हटलं, तुमचे दात नाहीत म्हणून पातळ केलं. तेव्हापासून आमचं छान जमलंय. मायलिसला ती चिमणी म्हणते. टाक्याकडे मात्र येत नाही, गुडघ्यांचं कारण सांगते. बाजारात तर सगळ्यांच्या पुढे चालते.

१ एप्रिल, बुधवार

सरपंच बास्तियाँ येऊन गेले. शुक्रवारी बोर्दोहून पाहुण्यांची बस येणार, तर धुण्याचा कार्यक्रम झालाच पाहिजे. गुड फ्रायडेला? मी विचारलं खरं. ते म्हणाले, मी पॅरिसचा माणूस, मला सगळे वार सारखे. आमच्या डोंगरातही असलं काही पाळत नसत, मासे खाल्ले की झालं. हो म्हटलं.

२ एप्रिल, गुरुवार

आज प्रार्थनेनंतर चर्चच्या घंटा गप्प झाल्या, आता ईस्टरलाच वाजायच्या. मायलिसला सांगितलं, घंटा उडून रोमला गेल्या, रविवारी येताना चॉकलेटची अंडी आणतील. तिने विचारलं, त्यांना पंख कुठे असतात? आता रविवारपर्यंत घंटेऐवजी दुपारी बाराला पोरं लाकडी खुळखुळे वाजवत गावभर फिरणार. खटखट, खटखट. मला आवडतं ते.

३ एप्रिल, शुक्रवार

बस आली, चाळीस माणसं. मायलिसचा पांढरा फ्रॉक घेतला, बाहीवर जॅम होता, पाहुण्यांना गंमत वाटेल म्हणून. पिळायला दोन माणसं लागतात. समोरच्या काठावर एक बाई होती, करड्या रुमालातली, तिने न सांगता दुसरं टोक धरलं. पाहुणीच असेल. पीळ मात्र जबर. मी उजवीकडे पिळते तर तीही माझ्यावर ताण देत पिळत राहिली, मनगट दुखेपर्यंत. मान वर केली तर गेलेली.

सरपंचांनी फोनवर फोटो दाखवले. मी आहे. फ्रॉक आहे, ताठ पिळलेला. दुसऱ्या टोकाला कुणी नाही.

ते म्हणाले, फोटो चुकीच्या वेळी निघाला असेल. असेल.

४ एप्रिल, शनिवार, सकाळ

फ्रॉक वाळला नाही. रात्रभर चुलीजवळ होता, तरी टपटप. मायलिस उठली तर केस ओले, उशी ओली. अंगात ताप नाही, उलट गार. दूध नको म्हणाली.

दुपार

बाराला खटखट ऐकली. बरं वाटलं, पोरं आली. खिडकीतून पाहिलं तर पोरं चौकात उभी, खुळखुळे हातात, एकही हलत नाही. सगळी टाक्याकडे कान देऊन.

खटखट टाक्यातून येत होती. धोपटण्याची.

नंतर

फेर्नांदबाईकडे पळत गेले. ती वाटाणे सोलत होती. माझं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "धुतलंस ते कुणाचं?"

मी सांगितलं. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

मग बोलली. घंटा गेल्यापासून परत येईपर्यंत या गावात कुणी कापड भिजवत नाही. ज्याचं धुवावं त्याचं ते कफन. घंटा वाजेपर्यंत कापड वाळलं तर माणूस वाचतो. आणि ते उन्हाने वाळत नाही, चुलीने नाही. टाक्यावरच्या त्या बाईला बदल्यात दुसरं कापड द्यावं लागतं, धुणाऱ्याचं स्वतःचं.

मी म्हटलं, तुम्हाला कसं ठाऊक?

"मी पाच वर्षांची होते, माझा झगा वाळला," ती म्हणाली. "आईचा एप्रन नाही वाळला."

संध्याकाळ

सांद्रीनला फोन केला. डॉक्टर पाठवते म्हणाली, आई, घाबरू नकोस. डॉक्टरने तपासलं. छाती स्वच्छ, म्हणे भिजली असेल, ऊब द्या. सहा रजया घातल्या. सहाही ओल्या—

ती झोपेत म्हणते, आजी, ती बाई माझी बाही ओढते.

५ एप्रिल, ईस्टर, सकाळी आठ

ओठ निळे. दहाला घंटा—

माझा निळा एप्रन घेतला. फेर्नांदबाई दारात उभी होती. चिमणीजवळ मी बसते म्हणाली. माझी कॉलर नीट केली.

साडेनऊ

खोक्यात गुडघे टेकले. एप्रन बुडवला. दुसरं टोक उचललं गेलं. मी वर पाहिलं नाही. फक्त हात दिसले— फार दिवस पाण्यात राहिलेली बोटं—

या खेपेला ताण नव्हता. मी वळवीन तसं वळत गेलं.

पावणेदहा

फ्रॉक वाळला! कडक, पापडासारखा. मायलिसचे केस कोरडे, गाल लाल. चॉकलेट मागतेय, आणि फेर्नांदबाईचा रुमाल डोक्याला बांधून नाचतेय. मी इतकी हसले.

दोनदा पोलकं बदललं. बाह्या ओल्याच. हाडांपर्यंत गार—

सांद्रीन, फ्रॉक कपाटात आहे. किल्ल्या खिळ्याला. पोरीला दोष लावू नकोस, तिला काही सांगू नकोस. शाई पसरतेय, वहीवर पाणी—

वाजल्या. घंटा वाजल्या. पोरगी अंगणात पळाली अंडी शोधायला. आठ लपवलीत मी. सात सोपी आहेत. आठवं तिला नाही सापडणार, ते मी—