विंझर स्टँडवरचा अमेरिकेचा फ्लेक्स

तीर्थरूप इंद्रजितमामांस,

विंझरहून शेफालीचा साष्टांग नमस्कार. (ईमेलमधून साष्टांग कसा घालतात ते ठाऊक नाही. घातला असं समजावं.) तुमची कंबर आता कशी आहे? मामींना तिथली थंडी सोसते ना? आई रोज विचारते. इकडे सगळे खुशाल आहेत, माझं तेवढं विचारू नका. फोन न करता लिहितेय, कारण आपल्या घरात फोन आला की तो स्पीकरवर टाकून अंगणातल्या बाजेवर ठेवायची पद्धत आहे, आणि ईमेल मात्र अजून कुणी उघडत नाही.

मामा, तुम्ही मला चांगलंच कामाला लावलंत. तिथल्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा तुम्ही म्हणालात, अमेरिकेच्या राज्यकारभारावर एक परीक्षा असते, ती इथूनच देऊन टाक, पास झालीस तर तो विषय कॉलेजात पुन्हा शिकावा लागणार नाही. हे तुम्ही बोललात स्पीकरवर! बाबांनी ते तिथल्या तिथे उचललं आणि अट घातली, आधी ही पास हो, मग अमेरिकेचं बघू. (सखूआजीची अट निराळी होती. आधी लग्न, मग नवरा म्हणेल तिकडं जा.) एक विषय वाचवायला गेले आणि माझं जाणंच त्यावर अडकून बसलं. उद्या पुण्यात परीक्षा आहे आणि माझा पाय घरात ठरत नाही. पुस्तक उघडते, मिटते, गच्चीवर जाते, खाली येते. आज गोठा इतक्या वेळा झाडला की म्हैससुद्धा वैतागली.

बरं, अभ्यास निवांत करावा तर तेही नशिबात नाही. इंटरनेटची रेंज फक्त बाबांच्या खतांच्या दुकानापुढे येते, म्हणून मी तिथे युरियाच्या पोत्यावर बसून वाचते. येणारा-जाणारा विचारतो, काय वाचतीस? मी म्हणते, अमेरिकेचं सरकार. इथे माझं चुकलं. आपल्याकडे सरकारचा अभ्यास कोण करतो? ज्याला सरकारात घुसायचंय तो! गावातली निम्मी पोरं पुण्यात खोल्या घेऊन हेच करताहेत. नोकरी नाही, पद नाही, आणि परक्या देशाची संसद कुणी हौसेनं पाठ करतं, हे कुणाला पटणार? झालं. संध्याकाळपर्यंत सोमनाथची पोरगी अमेरिकेत साहेब होणार हे गावभर झालं. मी घसा फोडून सांगितलं, काका, ही नोकरीची परीक्षा नव्हे. तर म्हणतात कसे, आत्ताच बोलू नगं, दृष्ट लागंल.

तेव्हापासून पोत्यापुढे दरबार भरतो. एका आजींना रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवून हवंय. मी म्हटलं, आजी, मी अमेरिकेत असणार. त्या म्हणाल्या, आगं मंग तिथनं वेल्ह्याच्या तहसील हापिसात एक फोन टाक, लई घाबरत्यात भाईरच्या फोनला. धनाजीकाकांचं वेगळंच. ते ग्रामपंचायतीला पडले, आणि मी बोलून गेले की अमेरिकेत देशभरात जास्त मतं मिळवणारासुद्धा अध्यक्षपदाला पडू शकतो. त्यांचा चेहरा जो उजळला! आता रोज येऊन ती पद्धत समजून घेतात, आणि रोज शेवटी एवढंच म्हणतात, मंग तिथं म्या निवडून आलो आस्तो.

आणि आता फ्लेक्स. मामा, स्टँडवर, बरोबर आपल्या दुकानासमोर, माझा फ्लेक्स लागलाय. 'अमेरिका शासनात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' परीक्षा व्हायच्या आधी! आणि तारीख कुठेच नाही. माझा फोटो बारावीच्या आयडीवरचा, चेहऱ्यावर चोरी करताना पकडल्याचा भाव. त्याहून मोठा तुमचा, खाली 'प्रेरणास्थान'. (तो तुमच्या लग्नातला आहे. मुंडावळ्या कापल्यात, पण एक कानाशी लोंबतेय.) खाली अख्खं गाव शुभेच्छुक. आणि नवल म्हणजे फ्लेक्स कुणी लावला हे कुणीच कबूल करत नाही. एरवी आपल्याकडे बोअरला पाणी लागलं तरी श्रेय घ्यायला रांग लागते. मला धनाजीकाकांचा संशय आहे. सखूआजी तर माझ्या लग्नाचं पार विसरली, एसटीतून उतरेल त्याला हाताला धरून फ्लेक्स दाखवते. बाबा मात्र रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ओल्या फडक्यानं त्यावरची धूळ पुसतात. उद्या नापास झाले तर ह्या माणसानं त्या फ्लेक्ससमोर दिवसभर कसं बसायचं?

तेव्हा मामा, एवढं कराच. बाबांना फोन करा, स्पीकर बंद करायला लावा, आणि सांगा की ही नोकरी नव्हे, नुसता एक विषय आहे, तो फ्लेक्स उतरवा. माझी छाती होत नाही. मामींना नमस्कार, लहानग्यांना पापा.

तुमची, जीव टांगणीला लागलेली,
शेफाली

ता. क. काल रेंज गेली आणि पत्र मोबाईलमध्येच अडकलं. परीक्षा झाली. नापास. निकाल तिथल्या तिथे पडद्यावर आला. शाळेत आपली राज्यघटना इतकी घोकलीय की बोट आपोआप आपल्याच उत्तरांवर जात होतं. अमेरिकेत मी पंतप्रधान नेमून आले.

एसटीतून उतरले ती थेट त्या फ्लेक्सखाली. बाबा दुकानातून उठून आले. मी रडत रडत सगळं सांगितलं, नापास झाले, आणि ही नोकरीची परीक्षा कधी नव्हतीच. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. म्हणाले, "ठावं हाय मला. मामा स्पीकरवर बोलला तवा म्या काय भैरा हुतो? आता तिथंच जाऊन शीक त्यो इषय. आजीला कुणीतरी गप करायला पायजे हुतं, आन् मलाबी माघारी फिरता येऊ नये, म्हून म्याच लावला ह्यो फ्लेक्स. त्यावर तारीख मुद्दामच टाकली न्हाई म्या."

ता. क. दुसरा. बाबांना फोन करू नका. केलात तर आजी जवळ असेल, तेव्हा मला साहेबच म्हणा. आणि तुमचा एक धड फोटो पाठवा. जायच्या दिवशीचा फ्लेक्स बाबांनी आत्ताच छापायला टाकलाय, आणि त्यावर तारीख आहे.