दोषाची बाजू

गुरुवार, ९ डिसेंबर १९३७. गुलबर्गा

मेंढरं! वर्गाला मेंढरं म्हणाले आणि मला मेंढक्या. पोरं बाहेर गेल्यावर म्हणाले, एवढे उपकार. पण आम्ही अकरा मास्तर होतो ना खोलीत. मी सोडून बाकीचे हसले.

लिहून काढतो, नाहीतर डोकं फुटेल.

आज टीकापाठ माझा होता. दर गुरुवारी एकाची पाळी येते. इंग्रजी शिकवायला शिकण्यासाठी आम्हाला वर्षभर इथं आणून बसवलंय, तर एकानं शेजारच्या शाळेतल्या पाचवीवर धडा द्यायचा आणि बाकीच्या दहांनी भिंतीकडेला बसून त्याची चिठ्ठी लिहायची. कागद मधोमध दुमडायचा. एका बाजूला गुण, एका बाजूला दोष. खाली नाव घालायचं नाही. मग आमचे मुख्य, उद्धवराव, चिठ्ठ्या मोठ्यानं वाचतात — फक्त दोषाची बाजू! म्हणे गुण ऐकून कुणी सुधारत नाही. दोष कोरा ठेवला तर चिठ्ठी तोंडावर परत. त्यामुळं गुणाच्या बाजूला कुणी शाईच लावत नाही, आणि ती बाजू कुणी उलटूनही बघत नाही.

वर्गात इंग्रजीशिवाय एक शब्द बोलायचा नाही हा इथला दुसरा कायदा. उर्दू नाही, मराठी नाही, कन्नड नाही. वस्तू दाखवायची, आपण बोलायचं, पोरांकडून बोलवून घ्यायचं. हे मला आवडतं. खरंच आवडतं! या पोरांची घरात एक भाषा, बाजारात दुसरी, शाळेत तिसरी. चौथीला ती कशाला भितात? मी विळा, तांब्या, भोपळा आणि लोकर कातरायची कात्री घेऊन गेलो होतो. पोरं बोलली! शेवटच्या बाकावरची बोलली. मी त्यांच्या मागे उभा होतो म्हणून बोलली.

आणि चिठ्ठीत काय? ‘वर्गाच्या मागे जाऊन उभा राहतो. मेंढरं हाकल्यासारखा.’

उद्धवराव चष्म्यावरून बघत म्हणाले, “धुळाप्पा मास्तर, जात कळायलीय हां तुमची! वर्ग हाय हा, कळप न्हाई. मास्तर फळ्यापाशी शोभतो.”

शोभतो! मी काय कोनाड्यातला गणपती आहे?


शनिवार, ११ डिसेंबर

खानावळीत मी पाटावर बसलो की कोपऱ्यातून ‘बँऽऽ’ ऐकू येतं. शिकलेली माणसं ही. उद्या हीच पोरांना शिस्त लावणार.

अप्पा मेंढरं घेऊन चिंचोळीपासून पार कमठाण्यापर्यंत जायचे तेव्हा मी सहा-सात वर्षांचा असेन. मी पुढं पळायचो. अप्पा ओरडायचे, “मागं ये! म्होरली आपल्या पायानं जात्यात. लंगडं, गाभण, बारकं — समदी मागं असत्यात. तितं माणूस पायजे.” मला कुणी पद्धतीचं पुस्तक वाचून हे सांगितलं नाही. वर्गात पाय आपोआप मागे जातात.

आमच्यात हायस्कूलचा मास्तर अजून कुणी झालेला नाही. शेवटच्या परीक्षेचा धडा पास झालो तर हायस्कुलात इंग्रजीला. नापास झालो तर परत खटकचिंचोळीच्या बिगरीत, पोरांचे शेंबूड पुसत. दुसऱ्यांदा कुणाला पाठवत नाहीत. एकदाच.

खोलीतला जोडीदार मल्लिकार्जुन तेवढा काल जेवताना हसला नाही. आळंदचा आहे. घरात कन्नड, पण शिकला मराठीत, म्हणून आमच्या तुकडीत. म्हणाला, “बोंबलू दे रे त्येनला. तू जेव.” एक माणूस तरी बरा मिळाला.


गुरुवार, २३ डिसेंबर

हरामखोर!

आज टीकापाठ संपल्यावर उद्धवरावांनी मला वर्षभराच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा कपाटात ठेवायला दिला. माझ्या धड्याच्या चिठ्ठ्या वरच्या थरातच होत्या. ती चिठ्ठी शोधली. दोषाची बाजू वर, दोन ओळी — आणि अक्षर? मराठीच, पण प्रत्येक अक्षर कन्नडासारखं गोल, पोटात हवा भरल्यागत. अकरा जणांत तसं अक्षर एकाचंच आहे. माझ्या चटईशेजारी ज्याची चटई आहे त्याचं!

‘बोंबलू दे त्येनला’! बोंबलायला शिकवलं कुणी? शब्द तर तूच पुरवलास!

कपाटाला कडी घातली आणि आलो. तो खोलीत बसून माझा फाटका सदरा शिवत होता. सदरा हिसकावून घेतला. अर्धाच शिवलेला. तसाच घालीन.


मंगळवार, २८ डिसेंबर

“काय झालं रे? कामून बोलंना झालास?” तो विचारत होता. आज तिसऱ्यांदा.

मी सांगणार नाही. ज्याला स्वतःचं लिहिलेलं आठवत नाही त्याला काय सांगायचं?


गुरुवार, १३ जानेवारी १९३८

सुधारणा बघायची म्हणून उद्धवरावांनी आज पाळी नसताना मलाच पुन्हा उभं केलं. धड्याआधी खडू घेतला, फळ्यासमोर वाकले आणि फरशीवर गोल काढला. परातीएवढा असेल. म्हणाले, “ह्याच्या भाईर पाय टाकायचा न्हाई. परीक्षेला हैदराबादहून साहेब येनार हाईत. तितं ही धनगरकी चालायची न्हाई. तुमच्याच भल्याचं सांगायलोय.”

बैलाला घाण्याभोवती फिरायला तरी मिळतं. मी त्या गोलात पाऊण तास उभा. पुढचे दोन बाक बोलले. मागचे तीन बाक खिडकीतून पतंग बघत होते. मला दिसत होतं! ओरडायचं होतं, पण इंग्रजीत तेवढं ओरडता येत नाही अजून.

उद्धवराव खूश. “आता दिसायलाव मास्तर!”

बायकोला बाणूला सुट्टीत मी दोन दिवस चुलीपाशी बसून इंग्रजी शिकवलं होतं. तवा, परात, पीठ, विस्तव. भाकरी थापताना ती घडाघडा बोलायला लागली, आणि मला म्हणाली, “तुमी समोर बसून डोळे वटारू नगा, मग यायलंय मला.” तिला कळलं. बी. ए. झालेल्या उद्धवरावांना कळत नाही.


शुक्रवार, १४ जानेवारी

संक्रांत. सुट्टी. मल्लिकार्जुननं तीळ-गूळ-खोबरं पुढं केलं. मी हात मागे घेतला. पुडी देवळीत ठेवून तो बाहेर गेला.

मुंग्या लागल्या तिला. लागू देत.


गुरुवार, ३ फेब्रुवारी

पुन्हा गोल. पुन्हा शाबासकी. मागचे बाक मेलेले. मी बोलतो, पुढची सहा पोरं बोलतात, चिठ्ठ्यांत आता दोष सापडत नाही म्हणून ‘आवाज बारीक’ असलं काहीतरी लिहितात. म्हणजे मी पास होणार. पोरांना न शिकवता पास होणार!

रागानं जेवण जात नाही. राग कुणाकुणावर करू? उद्धवरावांवर केला तर नापास. हसणाऱ्यांवर केला तर ते अजून हसतात. राहिला एक.


शुक्रवार, ४ मार्च

आज तळ्याकडे गेलो होतो. बांधाआड मल्लिकार्जुन पाचवीच्या पोरांना बसवून पाठ करून घेत होता. बाकांच्या क्रमानं! पहिल्या पोरानं ‘इट इज अ पेन’. दुसऱ्यानं ‘इट इज ऑन द टेबल’. असं शेवटच्यापर्यंत. सोमवारी त्याच्या परीक्षेचा धडा आहे. पढवलेला वर्ग सापडला तर नाव कायमचं कापतात, हे पहिल्याच दिवशी उद्धवरावांनी वाचून दाखवलं होतं.

सगळेच पढवतात. अकरापैकी नऊ तरी. मी पढवलं नाही — सचोटी म्हणून नव्हे, खरं सांगायचं तर माझ्याबरोबर तळ्यावर यायला पोरं तयार झाली नाहीत.

त्यानं मला बघितलं. हात वर केला, ये म्हणून. मी वळलो.


सोमवार, ७ मार्च

लिहिली मी चिठ्ठी.

परीक्षेत चिठ्ठ्या धडा चालू असतानाच साहेबांच्या टेबलावरच्या ताटलीत टाकायच्या असतात. माझी पहिली. दोषाची बाजू, एक ओळ: ‘वर्गाला उत्तरं आधी पढवलेली आहेत, बाकांच्या क्रमानं.’

साहेबांनी वाचली. उठले. मल्लिकार्जुनला बाजूला हो म्हणाले, स्वतः पेन हातात धरला आणि शेवटच्या पोरापासून विचारायला लागले. ‘व्हॉट इज धिस?’

पोरगं ताठ उभं राहून म्हणालं, ‘इट इज रेनिंग, सर!’

सगळे हसले. साहेबही. मीही हसलो — तोंडातून आलं. मग पुढचं पोरगं म्हणालं, ‘माय फादर इज अ फार्मर.’ पेनाकडे बघून! आता कुणी हसलं नाही.

मल्लिकार्जुन फळ्याला टेकून उभा होता. उद्धवरावांनी तिथंच वहीतून नाव कापलं. त्यानं पोरांना बसा म्हणून खूण केली, खडू जागेवर ठेवला आणि गेला. खोलीवर आलो तर त्याची चटई नव्हती.

बरं झालं. माझ्यावर हसायला लावलंस, आता तुझ्यावर हसले. फिटलं.


मंगळवार, ८ मार्च

पास. पहिला नंबर.

हे सगळं क्रमानं लिहायला पाहिजे.

माझा धडा सकाळी. गोल काढलेला होताच. मी ठरवून गेलो होतो — गोलातच उभा राहीन, पास होईन, गेलं चुलीत बाकीचं. पण पोरं कालची घाबरलेली. एक तोंड उघडेना! पहिला बाकसुद्धा. मी तांब्या दाखवला, विळा दाखवला. नुसते डोळे. अर्धा तास असाच गेला असता आणि मी नापास झालो असतो. मग मला असा राग आला — साहेबांचा, गोलाचा, त्या ताटलीचा — की मी बाहेर पडलो आणि सरळ मागे जाऊन उभा राहिलो. शेवटच्या बाकावरच्या पोराच्या पाठीवर हात ठेवला. हळूच विचारलं. ते बोललं. त्याच्या पुढचा बोलला. मागून पुढं, बाकामागून बाक, वर्ग चालायला लागला. उद्धवराव कपाळाला हात लावून बसले होते.

संपल्यावर साहेबांनी विचारलं, “पीछे क्यूं गये?” मी म्हणालो, “बोलत नाहीत ते मागं असतात, साहेब.”

साहेबांनी मान डोलावली आणि वर्षभराच्या गठ्ठ्यातून एक चिठ्ठी काढली. त्यांनी रात्री सगळ्या वाचल्या होत्या — दोन्ही बाजू! परक्या माणसाला इथली रीत काय माहीत. म्हणाले, ही वाचून मी आज मागचेच बाक बघत बसलो होतो. उद्धवरावांना मोठ्यानं वाचायला लावली. गुणाची बाजू.

‘तो मागे गेला की शेवटची पोरं बोलतात. मी तसं करून बघितलं, मला जमलं नाही. हे आपण सगळ्यांनी त्याच्याकडून शिकावं. दोषाची बाजू भरावीच लागते म्हणून हेच तिकडे लिहिलं आहे.’

साहेबांनी विचारलं, कुणी लिहिलंय? भिंतीकडेच्या बाकावर आज एक जागा रिकामी होती.

चिठ्ठी मी हातात घेऊन बघितली. सगळी अक्षरं गोल.

उलटून बघायला किती वेळ लागला असता? त्या दिवशी कपाटापाशी मी एकटा होतो. एकदा कागद उलटा करायचा होता!


बुधवार, ९ मार्च

उद्धवरावांच्या ऑफिसच्या पायरीपर्यंत गेलो. सांगणार होतो — पढवलेले सगळेच आहेत, कापायचं तर सगळ्यांची नावं कापा, नाहीतर त्याला पुन्हा धडा द्या. आतून उद्धवरावांनी बघितलं. “या या, धुळाप्पा मास्तर! या, बसा.”

पेढा दिला. खाल्ला. आलो.

माझ्यासारख्याला जोड्यानं मारलं पाहिजे.


सोमवार, १३ जून १९३८. आळंद

इथंच नेमणूक झाली. ही जागा मल्लिकार्जुनसाठी धरलेली होती, हे हेडमास्तरांनीच सांगितलं. आज पहिला दिवस. शाळा सुटल्यावर फाटकात एक म्हातारी उभी होती. म्हणाली, “मी सिद्धव्वा. मल्लिकार्जुनची आई. त्यो घराभाईर निगंना झालाय. तुमी त्येच्या खोलीत व्हतात न्हवं? तुमचं लई सांगायचा. माझ्या लेकाचं नाव कापायला लावनारी चिठी कुनी लिवली, तुमाला ठावं असंल की मास्तर?”

मी म्हणालो, “न्हाई, अक्का.”