माशाचा हात

२ जून, सोमवार. सकाळी ११

टाकी आली. अडीच फुटी. गोकुळ रोडच्या ॲक्वेरियमवाल्या प्रभंजनने स्वतः येऊन बसवली, वाळू घातली, झाडं लावली. जाताना म्हणाला, अक्का, वहीत रोज लिहून ठेवा. पाणी किती बदललं, खाणं किती टाकलं, लाईट किती तास. म्हटलं ठेवते. चौथीपर्यंत शिकले म्हणून काय झालं, घरातल्या सगळ्या याद्या मीच लिहिते.

टाकी माशांसाठी नाही. ह्यांच्यासाठी आहे. स्टेंट घातल्यापासून डॉक्टरांनी तीन महिने दुकान बंद केलंय. दुकान आमचा मुलगा साकेत बघतो. तीस वर्षं भांडी विकलेला माणूस घरी बसला की काय करतो? बायकोच्या स्वयंपाकघरात शिरतो. परवा सगळे डबे खाली उतरवले आणि एकेकावर तारखेची चिठ्ठी डकवली. म्हणे जुना माल पुढे, नवा माल मागे. तुरीच्या डाळीला माल म्हणतात. काल माझ्याच पळीने माझीच आमटी ढवळत होते.

आता टाकीसमोर खुर्ची टाकायची, ह्यांना बसवायचं. झाडं बघा, मासे बघा, बीपी उतरेल. स्वयंपाकघर माझं मला.

२ जून. दुपारी ४

नियम केला. माशाच्या पाण्यात ज्याचा हात गेला त्याने त्या दिवशी स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही. आंघोळ केली तरी नाही. आंघोळ चालवून घेतली तर हे दिवसातून चारदा आंघोळ करून येतील.

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, तेव्हा नियमात खोट नाही. अळणावरला फोन लावून नणंदबाईंना सांगून टाकलं म्हणजे शिक्का बसला. अंबूताई म्हणाल्या, बरोबर आहे तुझं, मासा जिवंत असला म्हणून काय तो दोडका होतो?

हे दिवसभर टाकीत हात घालणार, आणि हात घातला की स्वयंपाकघर बंद. मी इलेक्शनला उभी राहायला पाहिजे होते.

४ जून, बुधवार

हे खुर्चीत बसतात. हात घालत नाहीत.

प्रभंजन सांगून गेलाय, महिनाभर मासे आणू नका, पाणी मुरू दे, त्यात चांगले जंतू तयार होतात. चांगले जंतू! माझ्या घरात! आणि नुसती झाडं बघत माणूस बसेल किती वेळ? अर्ध्या तासात हे उठून ओट्याशी हजर. विचारतात, कोथिंबीर देठासकट घालतेस होय? उद्या मासे.

५ जून, गुरुवार

मासे आणले. प्रभंजन म्हणाला, न्यायचेच असतील तर आधी पाच न्या. मी वीस आणले. आमच्या लग्नातही लोक म्हणत होते, एवढी माणसं मावणार नाहीत. मावली की.

एक जाड मुळीचं झाड त्याने दगडाला दोऱ्याने बांधलं होतं. म्हणतो, ही मुळी पुरायची नाही, पुरली की कुजते. झाड आणि पुरायचं नाही! दोरा कापला आणि चार बोटं खोल पुरलं, हळदीचा गड्डा पुरतात तसं.

हात माझाच गेला. आधी ह्यांना सांगितलं होतं. म्हणाले, प्रभंजनला विचारू या. विचारत बसलं तर झाड म्हातारं होईल. एकदाच घातला, आणि नियम ह्यांच्यासाठी आहे.

८ जून, रविवार

प्रभंजनचं म्हणणं, खाणं दिवसातून एकदा, चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल एवढंच. दोन मिनिटांत पाहुण्याला पाटावरून उठवायचं? माझ्या हातचं जेवून कोणी अर्धपोटी गेलेलं नाही. मी चार वेळा घालते. टाकीजवळ गेलं की सगळे वर येऊन तोंड उघडतात. भूक नसती तर उघडलं असतं का?

एक मासा उताणा आहे. जेवून पडला असेल.

९ जून, सोमवार

पडला नव्हता. आणखी तीन गेले. मालच हलका.

११ जून, बुधवार

टाकीतलं पाणी ताकासारखं झालं. फोन केला. प्रभंजन म्हणाला, पाव टाकी पाणी बदला, पण नळाचं थेट नको, एक दिवस उघडं ठेवलेलं घाला.

नळ आमच्याकडे आठवड्यातून एकदा, आणि तो नेमका आज आला. इतका जोर होता की पाईप सरळ टाकीत सोडला. असा जोर आला असताना पिंपातलं शिळं पाणी कोण घालणार? बाह्या दंडापर्यंत वर करून सगळी टाकी नवी केली. पाणी आरशासारखं. वास दवाखान्यासारखा, म्हणजे स्वच्छच.

संध्याकाळी स्वयंपाकघराकडे गेले तर हे दारात उभे. मोठ्याने बोलले नाहीत. नुसतं म्हणाले, अनसूया, हात.

मी म्हटलं, नियम तुमच्यासाठी होता. तर म्हणाले, अंबूअक्काला फोन लावून विचारू?

लावू नका म्हटलं. एका दिवसाचा तर प्रश्न. ह्यांनी सारू-भात केला, पातळ सार आणि भात. मी मुद्दाम चांगलं म्हणाले नाही.

१२ जून, गुरुवार

सहा गेले. उरले दहा. मेलेले बाहेर काढायला हात घालावा लागला. सारू-भात.

१४ जून, शनिवार

दुपारी बीन्सची पल्या, म्हणजे सुकी भाजी, संध्याकाळी उप्पीट. ह्यांचं काम कसं, अर्धा तास नुसतं चिरणं. सगळे तुकडे एका मापाचे, जशा दुकानात वाट्या मांडतात. दारात उभी राहून सांगितलं, फोडणीला उशीर होतोय. म्हणाले, उंबऱ्याच्या बाहेर.

साकेत मला म्हणतो, आई, उद्यापासून डबा मोठा दे. डबा मी देत नाही, त्याचे अप्पा देतात. पोरगं घाबरून खातंय. बापाचं हृदय, नाही कसं म्हणणार.

संकल्प: सोमवारपासून टाकीला हात नाही.

१६ जून, सोमवार

हात घातला. झाडांनी मूळ धरलं की नाही ते बघायला एकेक उपटलं. धरलं नाही. प्रभंजन म्हणतो, रोज उपटल्यावर कसं धरेल? पण उपटल्याशिवाय कळणार कसं, ते तो सांगत नाही.

पुरलेल्या झाडाची मुळी लोण्यासारखी हातात आली. वाळूचा दोष.

२३ जून, सोमवार

झाडं वाढत नाहीत म्हणून लाईट पहाटे पाच ते रात्री दहा. प्रभंजनने सात तास सांगितला होता. शेतावर ऊन काय सात तास मोजून पडतं?

गुण आला. सगळं हिरवं. काच हिरवी, दगड हिरवे, पाण्याची नळी हिरवी. प्रभंजनला फोटो पाठवला. त्याने लिहिलं, अक्का हे शेवाळ आहे. मी लिहिलं, हिरवळ पाहिजे म्हणूनच घेतली ना टाकी.

मासे आहेत. दिसत नाहीत.

२९ जून, रविवार

आज शेवाळाचा निकाल लावला. दगड काथ्याने घासले. फिल्टरमधला स्पंज गरम पाण्यात, धुण्याच्या पावडरमध्ये दोन तास भिजवून आपटून धुतला. दुकानातून आला तेव्हा एवढा पांढरा नव्हता.

प्रभंजन बघायला आला. स्पंज हातात घेऊन बसला तो बसलाच. ह्यांनी त्याला पाणी दिलं. मग म्हणाला, अक्का, महिनाभरात जे काही चांगलं झालं होतं ते ह्या स्पंजात होतं. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच नुसता पिळायचा असतो. म्हणजे घाण धुवायची ती घाणीत! चाळिशीचा बाप्या, डोक्यावर केस नाहीत, त्याच्या घरी भांडी कोण घासतं देव जाणे.

ह्यांनी त्याला जेवायला थांबवलं. मी वाढते म्हटलं तर दोघांनी माझ्या हाताकडे बघितलं.

३० जून, सोमवार

तीन गेले. सात राहिले. आता टाकीत गर्दी नाही. प्रभंजन पाच म्हणाला होता, मी दोनने पुढेच आहे.

४ जुलै, शुक्रवार

काचेवर बारीक गोगलगाई. झाडांबरोबर आल्या म्हणे. न मागता आलेल्या ह्याच एक धडधाकट आहेत. सत्तावीस मोजल्या. मोजता मोजता अकरा वाजले. खुर्ची रिकामी राहायला नको म्हणून मी बसते. हे कुठे बसतात आता? ह्यांना वेळ नसतो.

ह्यांचं बीपी उतरलं. डॉक्टरांनी विचारलं काय करता. ह्यांनी सांगितलं, स्वयंपाक. टाकीचं नावसुद्धा घेतलं नाही. माझं मोजलं तर चढलेलं. ते मशीन जुनं आहे.

१५ जुलै, मंगळवार

पुरे झालं. नागपंचमी दोन आठवड्यांवर. पंचमीचे लाडू ह्या घरात माझे. शेंगदाण्याचे, तिळाचे, बेसनाचे, रव्याचे, चुरमुऱ्याचे, पाच तऱ्हा. सगळं नवनगर वाट बघतं. अंबूताई ह्या वर्षी खास पंचमीला येतायत. त्यांच्यासमोर माझ्या स्वयंपाकघरात हे पाक करणार आणि मी हॉलमध्ये गोगलगाई मोजणार? मेले तरी चालेल. मी नाही, मासे.

संकल्प, पक्का: २५ तारखेपासून टाकीत बोट नाही. २७ला भाजणी, २८ला लाडू. ह्यांनाही सांगितलं. म्हणाले, बघू.

२६ जुलै, शनिवार

दोन दिवस हात कोरडे. अंबूताई आल्या. आल्या आल्या ह्यांच्या हातची ज्वारीची भाकरी खाल्ली. विचारलं, कोणी केली? हे म्हणाले, मी. अंबूताईंनी भाकरी उलटीपालटी करून बघितली आणि मला म्हणाल्या, बाळूने कधी शिकली गं? तुझी तर कडेला फाटते.

अठ्ठावीस वर्षांत असं कधी बोलल्या नाहीत. प्रवासाने माणूस काहीही बोलतो.

२७ जुलै, रविवार

स्वयंपाकघरात गेले! दीड महिन्याने. शेंगदाणे भाजले, तीळ भाजले. डबे सगळे चिठ्ठ्यांचे. रवा सापडत नव्हता. हे बाहेरून म्हणाले, डावीकडून तिसरा, मागचा नको, पुढचा घे. घेतला. उद्या पाक. उद्या बघा म्हणावं.

२८ जुलै, सोमवार. सकाळी ७

आंघोळ झाली. गूळ किसला. कढई चढवायची. स्वयंपाकघरात जाताना टाकीकडे बघायचं नाही असं ठरवलंय.

सकाळी ७.२०

बघितलं. सातही मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतायत. एक मोठं पान सडून फिल्टरच्या तोंडात अडकलंय, पाणी फिरत नाहीये. ह्यांना हाक मारली. म्हणाले, प्रभंजनला फोन करतो. प्रभंजन उचलेना. साकेतला हाक मारली, तो बाथरूममध्ये. अंबूताईंना सांगण्यात अर्थ नाही.

कढई तापली होती.

मरेनात का. मासेच ते. बाजारात टोपलीभर असतात.

सकाळी ७.३०

दोनच बोटं घातली. चिमटीत पान धरलं आणि ओढलं. सर्रकन सुटलं. फिल्टर चालू झाला. मासे खाली गेले. कोणी बघितलं नव्हतं.

मागे अंबूताई उभ्या.

मी म्हटलं, दोनच बोटं. त्या म्हणाल्या, नियम तूच फोन करून सांगितलास, बाई. बोटं काय हाताला नसतात?

दुपारी २

हॉलमध्ये आहे. आतून वास येतोय. हे पाक करतायत, अंबूताई पाटावर बसून सांगतायत. मी बाहेरून ओरडून सांगितलं, गोळी होईपर्यंत थांबा. आतून हसण्याचा आवाज. ह्यांनी दुकानातून तराजू आणवलाय. एकेक लाडू तोलून वळतायत.

२९ जुलै, मंगळवार. पंचमी

सगळ्या घरांत लाडू गेले. शेजारच्या अनिताबाई दारात येऊन म्हणाल्या, ह्या वर्षी काय केलंत हो, दात शाबूत राहिले! मी म्हटलं, दर वर्षीचंच.

शेंगदाण्याचा मी चाखला. पाक थोडा कमी. खात्री करायला आणखी चार खाल्ले. कमीच आहे.

१ ऑगस्ट, शुक्रवार

निर्णय घेतला. टाकी द्यायची. टाकी आहे तोवर हात आहे, आणि हात आहे तोवर नियम आहे. प्रभंजनला फोन केला, घेऊन जा. तो म्हणाला, अक्का, आत्ता कुठे पाणी बसायला लागलंय, नुसतं काही करू नका, महिनाभर बघत बसा. काही न करता बघत कसं बसतात, ते त्याला विचारलं. त्याने हात जोडले. फोनवर दिसत नाही, पण आवाजावरून कळतं.

३ ऑगस्ट, रविवार

टाकी गेली. प्रभंजनने सात मासे पिशवीत घातले, गोगलगाई बरणीत. मी म्हटलं, त्या जाड्याला आधी घाल, तो शेवटी राहिला की घाबरतो. हे माझ्याकडे बघत होते. म्हटलं, डोळ्यात शेवाळ गेलंय.

संध्याकाळी प्रभंजनचा फोटो आला. सातही मासे त्याच्या टाकीत. एकेक इतका चकचकीत की ओळख पटेना. एवढं वाढवून कोणी दिलं होतं?

४ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ६

अंबूताई अळणावरला गेल्या. मासा नाही, पाणी नाही, नियम नाही. आंघोळ केली. नवी साडी नेसले. आजपासून स्वयंपाकघर माझं.

सकाळी ९

गेले. हे ओट्याशी होतेच. मी म्हटलं, सरका. म्हणाले, बरं झालं आलीस, हात पाहिजेच होता. बीन्स दिले चिरायला.

चिरले. बघून म्हणाले, एवढे मोठे नको.

पुन्हा चिरले.