मेणातली आई

सोलापूर, ८ मे १९४८

ती. आप्पांस सत्यवतीचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या गल्लीतले हिम्मतराव सहकुटुंब काल इथे पोचले. अफझलगंजात आता तुमचेच एक दार उघडते, तेही दुपारपुरते, असे म्हणाले. संस्थानातल्या लुटालुटीच्या बातम्या रोज वाचते. आई होती तेव्हा तिचे एक ऐकले नाहीत, आणि आता तिच्या मेणाच्या मूर्तीसाठी अडून बसलात. मूर्ती घेऊनच या.

लोभ आहेच, पण तो इथे येऊन करावा.

तुमची सत्यवती

हैदराबाद, १९ मे

चि. सौ. सत्यवतीस अनेक आशीर्वाद.

या उन्हात मेण गाडीत घेऊन बसलो तर वाडी जंक्शन येईतो तुझी आई उरायची नाही. पाण्याच्या हंड्यात बुडवून ठेवली आहे. तिचा फोटो नाही, हे तू जाणतेस. चेहरा आहे तो एवढ्या मेणात. वरून माती लिंपतो, वाळली की भाजतो. मेण वितळून जाईल, त्या पोकळीत कासे ओतले की निघालोच. आतली हवा बाहेर पडावी म्हणून मेणाच्या काड्या लावतात, त्या खांद्यांना लावल्या. चेहऱ्याला लावली नाही. काडीच्या जागी धातूचा खुंट उरतो, मागाहून त्यावर कानस चालवावी लागते, ते माझ्याने होणार नाही.

पण तांबे नाही, कोळसाही नाही. कोंडून घेतल्यासारखे झाले आहे. कडी मीच आतून लावली, तरी काढवत नाही.

तुझा आप्पा

सोलापूर, ११ ऑगस्ट

ती. आप्पांस शि. सा. न. वि. वि.

पोस्टाचा भरवसा नाही म्हणून ओळखीच्या माणसाहाती देते. तांबे नाही म्हणता, आणि माझ्या लग्नातला बंब न्हाणीघरात तसाच आहे. तो फोडा, आंघोळ गार पाण्याने करा. माती लिंपली असेल तर खरवडा, पण चेहऱ्याला काडी लावा. हवेला वाट नसली की ओतीव बिघडते, हे मला तुम्हीच शिकवलेत.

माझ्यावर माया असेल तर एवढे ऐकावे.

सत्यवती

हैदराबाद, २८ सप्टेंबर

चि. सौ. सत्यवतीस अनेक आशीर्वाद.

फौजा आल्या, रस्ते खुले झाले. त्याआधीच मूर्ती ओतली. बंबाचे तुझे ऐकले, काडीचे नाही. कोळसा शेजारच्या बशीरमियांनी आपल्या भट्टीतला दिला. अम्मा का काम है चाचा, म्हणाले, आणि वितळल्या कास्याची मूस धरायलाही उभे राहिले. आता आतून कडी लावायची पाळी त्यांच्यावर आली. काल त्यांना नामपल्लीस भावाकडे सुखरूप पोचवून आलो.

साचा फोडला तेव्हा पदर, बांगड्या, बोटे सगळे स्वच्छ निघाले. हवा डोक्याकडे चढली आणि वाट नाही म्हणून तिथेच अडकली. चेहऱ्याच्या जागी खळगा आहे. मेण तर गेलेच. पोरी, खूप रडलो.

आता थांबण्यासारखे काही उरले नाही. सोमवारच्या गाडीने निघतो, नवे मेण बरोबर घेतो. हनुवटी तू तिचीच घेतलीस, कपाळही. समोर बसशील ना? या खेपेला काडी कपाळावरच लावीन. कानस मात्र तू चालव.

लोभ मागायची पाळी आता माझी.

तुझा आप्पा