एक्केचाळीस फांद्या

जॅकफिश लँडिंग, युकॉन
सोमवार, २० एप्रिल १९९८

प्रिय ताई,

नमस्कार. तू आणि छोटी रोझलीन बऱ्या असाल असं धरून चालतो. इथे दिवसा बर्फ वितळतं आणि रात्री पुन्हा धरतं, त्यामुळे अंगणात चालताना सगळे म्हाताऱ्यांसारखे पाय टाकतात. शनिवारी व्हर्ना मावशीनं तुला फोनवर सगळं सांगितलंच. मी शेजारी उभा होतो. तू मला फोन द्यायला सांगितलंस तेव्हा मी लाकडं आणायला गेलो, असं ती म्हणाली. ते खरं नव्हतं. फोनवर माझ्या तोंडून शब्द निघत नाहीत, हे तुला माहीत आहे. म्हणून लिहितो.

आधी मामाची तब्येत. डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. छातीत कफ आहे, पण ताप उतरतो आहे. शहरातल्या रुग्णालयात त्याला खिडकीजवळची खाट मिळाली आहे. खिडकीतून गाड्या ठेवायची जागा दिसते. जेवण बेचव आहे म्हणाला, यावरून बरं वाटत असावं. मावशीनं डब्यातून मूस हरणाचं सूप नेलं, ते त्यानं पुरं प्यायलं.

हंसांचा महिना यंदा चांगला चालला होता. सरोवराच्या तोंडाशी पाणी ७ तारखेला उघडलं आणि ८ ला पहिले नऊ हंस उतरले. रोज सकाळी किनाऱ्यावरच्या हंसघरातल्या दुर्बिणीतून मोजून फळ्यावर आकडा लिहायचं काम या वर्षीही माझ्याकडेच आहे. इथे घरटी करणारे मोठे हंस एका रकान्यात, पुढे उत्तरेला जाणारे लहान हंस दुसऱ्या रकान्यात. डोळ्याजवळचा पिवळा ठिपका दिसला तरच मी लहान म्हणून धरतो, अंदाजानं लिहीत नाही. मावशी चुलीपाशी बॅनॉकच्या भाकऱ्या तळताना म्हणाली, "तुझं एक अक्षर पुरं होईपर्यंत हे उत्तरेला जाऊन पिल्लं घेऊन परत येतील." शहरातून येणाऱ्यांबद्दल ती म्हणाली, की हे लोक हंस बघायला येतात की एकमेकांच्या दुर्बिणी, ते कळत नाही.

शुक्रवारचा आकडा चारशे बारा होता. फळ्यावर अजून तोच आहे.

शनिवारी शाळेच्या दोन बस आल्या होत्या. दर वर्षीप्रमाणे मामा मुलांना हंसांची गोष्ट सांगणार होता. दहा वाजून वीस मिनिटांनी तो सरोवराच्या पलीकडून, आपल्या खोपटाकडून, बर्फावरून येताना दिसला. पुढे त्याचा कुत्रा स्मोकी, मागे लहान स्लेज, स्लेजवर ढोल. किनाऱ्यापासून सुमारे दोनशे पावलांवर बर्फ खचलं आणि सगळे पाण्यात गेले. गावातल्या लायलनं शिडी आणि दोर नेला, चौघांनी मामाला ओढून काढलं. स्मोकी स्लेजला बांधलेला होता. तो निघाला नाही.

हंस सगळे उडाले. मुलं रडत होती. बाईंनी त्यांना बसमध्ये बसवलं.

तू मावशीला विचारलंस, की बाबा असा कसा आला, वाट बंद झालेली त्याला कळली नाही का. गावातही हेच बोलतात. कुणी म्हणतं नजर गेली, कुणी म्हणतं डोकं. मामा सगळ्यांना एकच सांगतो, "मी बघितलंच नाही." वाटेवरच्या खुणेच्या फांद्या काढलेल्या आहेत. मला याहून जास्त काही सांगता येत नाही.

त्याच्या खोपटाची काळजी करू नकोस. बर्फ गेलं की मी बोट घेऊन जाईन, छप्पर आणि सुकवलेले मासे बघून येईन.

रोझलीनसाठी हंसाचं एक पीस पाठवतो. ते खाली पडलेलं मिळालं, उपटलेलं नाही.

तुझा,
एल्डन


जॅकफिश लँडिंग
मंगळवार, २८ एप्रिल १९९८

प्रिय ताई,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. चार वेळा वाचलं. हे पत्र टपालानं वेळेवर पोहोचेल याचा भरवसा नाही, म्हणून मावशीच्या मुलीबरोबर पाठवतो आहे. ती गुरुवारी तुमच्याकडे व्हँकुवरला उतरेल. तू आठ तारखेला निघण्याआधी हे वाचावंस, एवढ्यासाठी ही धडपड.

तू लिहिलं आहेस, की वृद्धांच्या त्या घरात जागा मिळाली आहे, सहाव्या मजल्यावर, आणि बाबाला तू थेट रुग्णालयातून घेऊन जाणार. खोपटाला कुलूप लावायचं. तू लिहिलंस, "एप्रिलच्या मध्यावर फांद्या काढलेल्या वाटेवर जो माणूस कुत्रं घेऊन उतरतो, त्याला मी एकटं कसं ठेवू?" तुझ्या जागी मीही हेच लिहिलं असतं. तुला जे माहीत आहे त्यावरून तुझा निर्णय बरोबर आहे. पण तुला जे माहीत आहे ते मी दिलेलं आहे, आणि ते अपुरं आहे.

क्रमानं लिहितो, नाहीतर मी वाट चुकेन.

तू लहानपणी स्लेजवर बसून फांद्या मोजायचीस, हे मामा अजून सांगतो. नोव्हेंबरात बर्फ धरलं की वाटेवर स्प्रूसच्या फांद्या रोवायच्या, आणि वसंतात बर्फ कच्चं झालं की काढायच्या. फांदी उभी असेल तर बर्फ उभं आहे. फांदी नसेल तर वाट नाही, मग बर्फ वरून कितीही पांढरं दिसो. गेली तीन वर्षं हे काम मामानं माझ्याकडे दिलं आहे. या वर्षी मी एक्केचाळीस रोवल्या, दर पन्नास पावलांना एक. काढायचं कधी, याचाही नियम त्यानंच शिकवला: रोज सकाळी पहारीनं बर्फ फोडून बघायचं, आणि पाच घावांच्या आत पाणी आलं की त्याच दिवशी फांद्या काढायच्या. सुरुवात मामाच्या दारापासून, म्हणजे तो निघायच्या आधीच वाट पुसली जाते.

गुरुवारी १६ तारखेला सात घाव लागले. शुक्रवारी चार.

चार, ताई. मी दुसऱ्या ठिकाणी पुन्हा मारून पाहिलं. तिथेही चार.

मी फांद्या काढल्या नाहीत. मोटरस्लेज घेऊन बर्फावर गेलो असतो तर चारशे बारा हंस उडाले असते, आणि शनिवारी मुलं रिकामं पाणी बघून गेली असती. मावशी आठवडाभर सगळ्यांना बजावत होती, की हंसांना कुणी हुसकावलं तर त्याला बॅनॉक मिळणार नाही. शुक्रवारी रात्री थंडी पडणार होती. मी स्वतःला म्हटलं, सकाळी आठपर्यंत बर्फ घट्ट राहील, मामा नेहमी लवकर निघतो, मुलं गेली की दुपारी काढू. पण स्मोकी म्हातारा झाला होता, दर थोड्या वेळानं बसत होता. मामाला दहा वाजले.

इतकं लिहून मी काल थांबलो होतो. हे वाचून तू म्हणाली असतीस, की हंसांसाठी केलं, पोरगं वेंधळं आहे, पण मन चांगलं आहे. म्हणून आज पुढचं लिहितो.

शुक्रवारी संध्याकाळी मामा रेडिओवर बोलला. म्हणाला, "फांद्या उभ्या असल्या तर मी येतो. नसल्या तर गोष्ट तू सांग. तुला येते." मी "बरं" म्हणालो. चार घावांचं बोललो नाही.

तुला आठवतं, मी नववीत शाळा सोडली. घरी सगळ्यांना सांगितलं की सापळ्यांच्या कामात मन लागतं. खरं कारण असं की बाईंनी मला उभं करून धडा वाचायला सांगितला होता आणि पहिल्या ओळीवरच माझा आवाज बंद झाला. अख्खा तास मी उभा होतो. नंतर शब्दकोश घेऊन मी घरी बसून लिहायला शिकलो, कारण कागद हसत नाही. शनिवारी ऐंशी मुलं येणार होती. फांद्या काढल्या असत्या तर मामाच्या खुर्चीवर मला बसावं लागलं असतं. रात्रभर मी हंसांचा विचार करतो आहे असं मला वाटत होतं, पण मी त्या खुर्चीचा विचार करत होतो.

आता सगळ्यात वाईट. लोक मामाला किनाऱ्यावर घेऊन चालले होते, सगळे त्याच्याभोवती होते, तेव्हा मी बर्फावर मागे राहिलो. फुटलेल्या जागेच्या अलीकडे चार फांद्या होत्या. त्या उपटल्या आणि पाण्यात ढकलल्या. मग पोटावर सरपटत, काठाकाठानं पलीकडे जाऊन आणखी नऊ. कुणी हाक मारली असती तर सांगणार होतो, की दुसरं कुणी येऊ नये म्हणून काढतो आहे. कुणी हाक मारली नाही. उरलेल्या अठ्ठावीस पलीकडे तशाच राहिल्या. त्या गावातून दिसत नाहीत. तुला मी लिहिलं, की फांद्या काढलेल्या आहेत. किती आणि कधी, ते लिहिलं नाही.

मामाला सगळं माहीत आहे. तो त्या फांद्या धरूनच आला होता.

रविवारी लायलच्या ट्रकमधून मी रुग्णालयात गेलो. लायल सिगारेट ओढायला बाहेर थांबला. मामानं पहिल्यांदा विचारलं, की स्मोकीचा पट्टा सापडला का. नाही म्हटलं. मग तो खाली गाड्या बघू लागला. मी म्हणालो, की मी ताईला लिहिणार आहे.

"हंसांचं लिही."

"फांद्यांचं लिहिणार आहे, मामा."

"तुला शिकवलं कुणी?"

"तू."

"मग चूक कुणाची?" तो म्हणाला. "आणि हे बघ. म्हाताऱ्याला वेडा म्हणतात, आठ दिवसांत विसरतात. पण तुझ्या फांदीवर एकदा लोकांचा भरवसा उडाला, तर पुढच्या नोव्हेंबरात त्या वाटेनं कोण येईल?"

मी विचारलं, की सहाव्या मजल्यावर तू काय करशील. तो म्हणाला, "तिथून हंस वरून दिसतील." आणि हसला. हसताना खोकला आला आणि नर्सनं मला बाहेर जायला सांगितलं.

भाचा चुकला की लोक मामाकडे बघतात, हे आपल्याकडे जुनंच आहे. पण मामानं भाच्यासाठी आपलं घर द्यावं, असं कुठे सांगितलेलं मी ऐकलं नाही.

काल दुपारी वारा फिरला आणि पलीकडचं बर्फ सुटलं. हंसघरात वीसेक माणसं होती. मोठाले तुकडे सरोवराच्या तोंडाकडे वाहत येत होते, आणि त्यांच्यावर माझ्या फांद्या उभ्या होत्या. सरळ, पन्नास पावलांच्या अंतरानं. एका तुकड्यावर तीन होत्या. हंस बाजूला सरकून त्यांना वाट देत होते. शहरातल्या एका बाईनं विचारलं, की ही झाडं बर्फात उगवतात का. लायल टोपी काढून उभा राहिला. फांद्या मामाच्या दारापासून काढायला सुरुवात होते, हे इथल्या लहान पोरालाही माहीत आहे.

मावशी माझ्याजवळ आली. तिच्या हातांना पीठ होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "एल्डन, या कुणी काढायच्या होत्या?"

माझा आवाज नववीसारखाच बंद झाला. ती चुलीकडे गेली. तिनं मला बॅनॉक आणून दिलं नाही. तिनं मुद्दाम टाळलं की ती विसरली, हे मला अजून कळत नाही.

येत्या रविवारी, ३ तारखेला, हंसांच्या महिन्याचा शेवटचा दिवस आहे. त्या दिवशीही मामाच बोलायचा. मावशीनं खुर्ची तिथेच ठेवली आहे. या पत्राची मी दुसरी प्रत काढली आहे. 'गुरुवारी १६ तारखेला सात घाव लागले' इथपासून 'तो त्या फांद्या धरूनच आला होता' इथपर्यंत तांबड्या पेन्सिलीनं खुणा केल्या आहेत. तेवढं मी त्या खुर्चीवर बसून वाचणार आहे. सांगणं मला जमणार नाही. वाचणं जमेल की नाही, तेही माहीत नाही. तोवर रोज पाण्याकडे तोंड करून वाचून बघणार आहे. आज चौथ्या ओळीपर्यंत आवाज राहिला.

तू आठला येशील तेव्हा आधी गावात ये, रुग्णालयात नंतर जा. व्हर्ना मावशीला विचार, की एल्डननं रविवारी वाचलं का. ती 'हो' म्हणाली तर बाबाला घरी आण. तोवर पाणी मोकळं असेल, मी बोटीनं त्याला पलीकडे नेईन, लाकडं फोडीन, त्याच्या पायाची पट्टी बदलीन, आणि तो म्हणेल तितके दिवस तिथे राहीन. ती 'नाही' म्हणाली, तरी बाबाला घरी आण. त्यानं चूक केलेली नाही. फक्त मग वाटेवरच्या फांद्या दुसऱ्या कुणाला रोवायला सांग, आणि मला तसं तोंडावर सांग. मी ऐकून घेईन.

फळ्यावरचा चारशे बाराचा आकडा मी आज पुसला. सकाळी मोजले, मोठे एकशे सहा, लहान एकोणनव्वद. लहान आता रोज कमी होतील.

फांद्या काढायचं काम ज्याच्याकडे होतं, तो
तुझा आतेभाऊ,
एल्डन